घरच्या घरी शिवणकाम: जागा मांडण्यापासून पहिल्या सैल पँटपर्यंत

शिवणकाम शिकायचं ठरलं की पहिला प्रश्न मशीनचा येतो: कोणतं घ्यावं, किती प्रकारच्या टिपा असलेलं घ्यावं. माझा अनुभव सांगतो, की घरी शिवलेला कपडा अंगावर नीट बसत नाही किंवा दोन धुण्यांत बिघडतो, तेव्हा दोष मशीनचा क्वचितच असतो. कापड न धुता कापलेलं असतं, तुकडा उभ्या धाग्यात, म्हणजे किनारीला समांतर जाणाऱ्या धाग्यात, बसवलेला नसतो, किंवा एक टीप झाल्यावर इस्त्री न फिरवताच दुसरी टीप मारलेली असते. ही तिन्ही कामं मशीनबाहेरची आहेत. जागा सोयीची मांडली तर ती टाळावीशी वाटत नाहीत. म्हणून आधी जागा, मग साहित्य आणि मशीन, मग कापड, आणि त्यानंतर दोन कपडे असा क्रम ठेवला आहे: इलॅस्टिकची सैल पँट आणि अखंड बाहीचा टॉप.

१. जागा: कापणं, शिवणं आणि इस्त्री

स्वतंत्र खोली लागत नाही. तीन कामांना तीन पृष्ठभाग लागतात आणि ते एकमेकांपासून जितके जवळ तितकं बरं.

मशीनखालचं टेबल जड आणि न हलणारं हवं. हलक्या घडीच्या टेबलावर मशीन वेगात चालवलं की टेबल थरथरतं आणि टीप लाटांसारखी जाते. उंची साधारण ७० ते ७५ सेंटिमीटर ठेवा. हात मशीनवर ठेवल्यावर कोपर काटकोनात आणि खांदे सैल राहिले पाहिजेत. खुर्ची बिनहाताची घ्या आणि सुईच्या अगदी समोर बसा, टेबलाच्या मधोमध नाही. पायाचा पेडल सरकत असेल तर खाली रबरी चटई घाला.

कापायला उभं राहून काम करता येईल असं ८५ ते ९० सेंटिमीटर उंचीचं टेबल सर्वांत चांगलं. ते नसेल तर स्वच्छ जमीन चालते. पलंगावर मात्र कापू नका. गादी दबते, कापड सरकतं, आणि वरचा तुकडा व खालचा तुकडा वेगळ्या मापाचे निघतात.

इस्त्री मशीनपासून उठून दोन पावलांत गाठता आली पाहिजे. ती दुसऱ्या खोलीत असेल तर ‘पुढच्या टिपेनंतर एकदम करू’ असं होतं आणि तिथेच कपड्याचा घाट बिघडतो. इस्त्री बरीच वीज खेचते, त्यामुळे तिला भिंतीतलं स्वतंत्र सॉकेट द्या. मशीन, दिवा आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका.

उजेडाबद्दल एवढंच: खोलीतला छताचा दिवा पुरत नाही, कारण तुमच्याच डोक्याची सावली सुईवर पडते. उजव्या हाताने काम करत असाल तर डाव्या बाजूने येणारा टेबलदिवा लावा. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचं काम दिवसाउजेडीच करा.

२. साहित्य

सुरुवातीला एवढं पुरेसं आहे:

- कापड कापायची ८ किंवा ९ इंची कात्री. हिने कागद कधीही कापायचा नाही, घरातल्या इतरांनीही नाही.
- कागदासाठी वेगळी कात्री, आणि दोरे कापायला एक छोटी
- मापाची टेप आणि लांब पट्टी
- उसवायचं हत्यार, म्हणजे सीम रिपर
- बारीक टाचण्या, सेफ्टी पिना
- टेलरचा खडू किंवा धुतल्यावर जाणारा पेन
- ७०, ८० आणि ९० नंबरच्या मशीनच्या सुया
- चांगल्या प्रतीचा पॉलिएस्टर दोरा, तुमच्या मशीनला बसणाऱ्या चार-पाच जादा बॉबिन (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळी)
- खाका, म्हणजे कापायच्या तुकड्यांचा कागदी आकार, काढायला मोठा कागद. वर्तमानपत्राची शाई कापडाला लागते, म्हणून कोरा कागदच घ्या.
- इस्त्री, इस्त्रीचा जाड पंचा, पाण्याची फवारणी

दोरा घेताना एक चाचणी करा: धागा उजेडासमोर धरा. त्याच्यावर केसांसारखी लव उठलेली दिसली तर तो घेऊ नका. ती लव मशीनच्या ताणाच्या चकत्यांत (वरचा दोरा जिथून दाबून जातो तिथे) साचते, आणि जुना दोरा असेल तर तो सारखा तुटतो.

फ्रेंच कर्व्ह, इंटरलॉक मशीन, फिरती ब्लेड, पुतळा ही खरेदी लांबणीवर टाका. दोन-तीन कपडे झाले की यातलं नेमकं काय आपल्याला अडतं ते कळतं.

३. मशीन निवडताना

फक्त सरळ टीप मारणारं मशीन साध्या विणीच्या कापडासाठी उत्तम आहे आणि वर्षानुवर्षं चालतं. पण टी-शर्टसारखं ताणलं जाणारं कापड शिवायची इच्छा असेल, किंवा कडांच्या दशा मशीननेच बंद करायच्या असतील, तर झिगझॅग टीप हवी. माझ्या मते नवशिक्याला एवढ्या गोष्टी पुरतात: सरळ टीप, झिगझॅग, उलटी टीप, टाक्याची लांबी बदलायची सोय आणि काजाची सोय. शंभर नक्षीदार टिपांचा रोजच्या कपड्यांना उपयोग नसतो.

जुनं मशीन घेत असाल तर स्वतःच्या कापडाचे दोन तुकडे सोबत न्या, एक पातळ आणि एक जाड. दोन्हीवर टीप मारून बघा. चाक हाताने फिरवल्यावर अडखळत नाही ना, सोबत माहितीपुस्तिका आहे ना, आणि त्याच्या बॉबिन सहज मिळतात ना, हे विचारा. बॉबिन दिसायला सारख्या असल्या तरी उंचीत थोडा फरक असतो. चुकीची बॉबिन बसते, टीपही येते, पण ती कधी चांगली कधी वाईट येत राहते आणि कारण सापडत नाही.

४. मशीनशी ओळख: दोरा, ताण, टीप

मशीनची साधी टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोघांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध अडकते. सुईच्या टोकाजवळ नेढं (दोरा ओवायचं भोक) आणि दोन दोऱ्यांची टीप या रचनेचं पेटंट एलियस हाउ यांनी १८४६ मध्ये घेतलं, आणि आजचं घरगुती मशीन त्याच तत्त्वावर चालतं. गाठ कुठे पडते हे पाहायला शिकलात तर मशीनच्या बहुतेक तक्रारी स्वतः सोडवता येतात.

दोरा ओवताना फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग, वर उचललेला असलाच पाहिजे. फूट खाली असेल तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये न शिरता नुसता वर तरंगतो, आणि कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. जाळं खाली दिसतं म्हणून लोक बॉबिनला हात घालतात. खरं कारण जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्यात असतं. सगळा दोरा काढा, फूट वर करा, सुई वरच्या टोकाला आणा आणि पुन्हा ओवा.

आता ताण बघायची रीत. वर एक रंग आणि बॉबिनमध्ये दुसरा रंग घाला, ज्या कापडाचा कपडा करायचा त्याचाच दुहेरी तुकडा घ्या आणि टीप मारा. खालच्या दोऱ्याचे ठिपके वर दिसले तर वरचा ताण जास्त आहे, कमी करा. वरच्या दोऱ्याचे फास खाली दिसले तर वरचा ताण वाढवा. एका वेळी अर्ध्या आकड्याइतकाच बदल करायचा. बॉबिन केसवरचा बारीक स्क्रू सुरुवातीला अजिबात फिरवू नका.

सुईचा नंबर म्हणजे तिची जाडी: ८० ची सुई ०.८ मिलिमीटरची. पातळ सुतीला ७०, मध्यमला ८०, जाडसर कापडाला ९०, डेनिमला १००. सुई बोथट झाली की टाका चुकतो किंवा कापडावर टक्-टक् असा आवाज येतो. साधारण आठ तास शिवून झालं की सुई बदला, दिसायला ती ठीक असली तरी. सुईची सपाट बाजू कुठल्या दिशेला हवी हे पुस्तिकेत पाहा. उलटी बसलेली सुई टाकाच धरत नाही.

टाक्याची लांबी नेहमीच्या शिलाईला २.५ मिलिमीटर, जाड कापडाला ३, आणि नंतर उसवायच्या कच्च्या टिपेला ४ किंवा ५.

हात बसवण्यासाठी आधी दोरा न ओवता कागदावर रेघा शिवा, मग रेघांच्या कापडावर. नजर सुईवर न ठेवता कापडाची कड ज्या खुणेला लागते त्या खुणेवर ठेवा. सुईपासून दीड सेंटिमीटरवर, मशीनच्या सुईखालच्या धातूच्या पट्टीवर रंगीत चिकटपट्टी लावली की हे फार सोपं होतं. कापड मागून ओढू नका. ते पुढे नेण्याचं काम फुटाखालच्या दात्यांचं आहे. ओढल्याने सुई वाकते, पट्टीवर आपटते आणि तुटते.

५. कापड: इथे घाई करू नका

पहिल्या कपड्यासाठी मध्यम जाडीचं साध्या विणीचं सुती कापड घ्या. सरकणारं रेयॉन, सॅटिन, शिफॉन, ताणलं जाणारं होजिअरी आणि मोठ्या चौकड्या सध्या बाजूला ठेवा. चौकड्या दिसायला मोहक असतात, पण प्रत्येक शिवणीवर त्या जुळवाव्या लागतात.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारल्याशिवाय कापड तोडून घेऊ नका. ४४ इंच पन्ह्यात पूर्ण लांबीच्या सैल पँटला साधारण पँटच्या लांबीच्या दुप्पट आणि वर वीस-पंचवीस सेंटिमीटर लागतं. ५८ इंच पन्ह्यात बऱ्याच मापांना दोन्ही पाय शेजारी-शेजारी बसतात आणि कापड पुष्कळ वाचतं. आधी खाका काढा, तो जमिनीवर पन्ह्याएवढ्या रुंदीत मांडून बघा आणि मगच किती मीटर ते ठरवा. आटण्यासाठी थोडं जास्त धरा.

आणल्यावर पहिलं काम म्हणजे धुणं. तयार कपडा जसा धुणार आहात तसाच कापड धुवा: गरम पाण्यात धुणार असाल तर गरम पाण्यात, मशीनमध्ये तर मशीनमध्ये. न धुतलेलं सुती कापड शेकडा ३ ते ५ सहज आटतं, आणि बहुधा लांबीत जास्त. एक मीटर लांबीचा पाय ५ टक्क्यांनी आटला तर पाच सेंटिमीटर गेले, म्हणजे पँट घोट्याच्या वर. धुण्याआधी कापडाच्या कापलेल्या टोकांना झिगझॅग किंवा हातशिलाई मारा, नाही तर दशांचा गुंता होतो. गडद रंगाचं असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा घासून रंग जातो का ते आधी पाहा.

वाळल्यावर आडवा धागा सरळ करायचा. किनारीजवळ छोटी चीर द्या, एक आडवा धागा ओढा आणि त्याने पडलेल्या रेघेवरून कापा. आता कापड किनारीला किनार लावून दुमडा. कापलेली टोकं जुळत नसतील तर कापड तिरकं झालेलं आहे. ते थोडं दमट करून, दोन विरुद्ध कोपरे धरून ओढा आणि इस्त्री करा. हे न करता कापलं तर पँटचा पाय धुतल्यावर पिळवटतो आणि बाजूची शिवण नडगीवर येते. तयार कपड्यांतही हे दिसतं, आणि त्यावर नंतर काही उपाय नसतो.

६. मापं आणि खाका

कंबर, नितंबाचा सर्वांत रुंद घेर, बाजूची लांबी आणि आसनाची (दोन्ही पाय जिथे जोडले जातात त्या भागाची) उंची ही चार मापं पँटला लागतात. आसनाची उंची मोजायला कडक खुर्चीवर ताठ बसा आणि कंबरेपासून खुर्चीच्या पृष्ठभागापर्यंत बाजूने टेप सोडा. त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवा. कंबर नक्की कुठे हे ठरवायला आधी कमरेला नाडी बांधा आणि सगळी मापं त्या नाडीपासून घ्या.

आकडेमोड करून खाका काढण्यापेक्षा, चांगली बसणारी एखादी इलॅस्टिकची सैल पँट कागदावर ठेवून तिचा आकार छापून घेणं पहिल्या वेळी जास्त खात्रीचं. ती साध्या विणीच्या, न ताणल्या जाणाऱ्या कापडाची असावी. पँट अशी दुमडा की एका पायाचा फक्त पुढचा भाग सपाट दिसेल आणि आसनाचं टोक बाहेर येईल. इलॅस्टिक पूर्ण ताणून कागदावर टाचा आणि कडेने रेघ ओढा. मग मागचा भाग तसाच. मागचं आसन पुढच्यापेक्षा लांब आणि खोल असतं, आणि मागची कंबर मधोमध दोन-तीन सेंटिमीटर उंच असते. तुमच्या दोन्ही खाक्यांत हा फरक दिसत नसेल तर छापताना काहीतरी सरकलं आहे. फरक नसलेली पँट खाली बसल्यावर मागून उतरते.

आता माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचं जादा कापड, मिळवा: शिवणींना दीड सेंटिमीटर, कमरेला ४ आणि पायाला ४. माया बाहेरून तयार आणलेल्या खाक्यांत कधी धरलेली असते, कधी नसते. कापण्याआधी सूचनांत हे एकदा वाचाच. दोन्ही खाक्यांच्या बाजूच्या शिवणी आणि आतल्या शिवणी मोजून सारख्या आहेत ना ते बघा. नितंबाच्या रेषेवर पुढचं आणि मागचं मिळून, दोन्ही पायांचं माप माया सोडून तुमच्या घेरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर जास्त भरलं पाहिजे. प्रत्येक तुकड्यावर उभ्या धाग्याची बाणरेघ काढा.

७. कापणी

कापड सुलट बाजू आत ठेवून दुमडा, म्हणजे डावा-उजवा पाय आपोआप आरशासारखे निघतात. एकेरी कापडावर कापायचं असेल तर दुसऱ्या वेळी खाका उलटा करून ठेवा. दोन डावे पाय निघणं ही नवशिक्यांची नेहमीची अडचण आहे आणि तेव्हा नवं कापड आणण्यावाचून मार्ग नसतो. बाणरेघेच्या दोन्ही टोकांपासून किनारीपर्यंतचं अंतर टेपने मोजा, ते तंतोतंत सारखं हवं. नक्षी एकाच दिशेची असेल, म्हणजे फुलांचे देठ सगळे खाली, तर सगळे तुकडे एकाच दिशेने मांडा.

कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकलेलं ठेवून लांब-लांब काप द्या. कापलेल्या मागच्या तुकड्यांना उलट बाजूने चिकटपट्टी लावा. पँटचे तुकडे दिसायला इतके सारखे असतात की नंतर ओळखू येत नाहीत.

८. पँट शिवणं

प्रत्येक पायाचा पुढचा आणि मागचा तुकडा सुलटवर सुलट ठेवून टाचा. आधी बाजूची शिवण, मग आतली. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके उलटे मारून टीप पक्की करा. कडा झिगझॅगने बंद करा.

मग इस्त्री. आधी शिवण जशी आहे तशीच दाबा, म्हणजे दोरा कापडात बसतो. नंतर माया उघडून किंवा मागच्या बाजूला वळवून दाबा. इस्त्री ओढू नका. उचला, ठेवा, दाबा, पुन्हा उचला. ओढल्याने शिवणी ताणल्या जातात, विशेषतः तिरक्या कडा. एका शिवणीवरून दुसरी शिवण जाणार असेल तर पहिली इस्त्री झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आसनासाठी एक पाय सुलट करा आणि उलट असलेल्या दुसऱ्या पायात घाला. सुलट बाजू एकमेकींना भिडतात. आतल्या दोन शिवणी नेमक्या जुळवून तिथे पहिली टाचणी लावा. मग पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत एकच अखंड टीप. खालच्या वळणावर, पहिल्या टिपेपासून दोन-तीन मिलिमीटर मायेच्या बाजूला दुसरी टीप घाला आणि तेवढ्याच भागातली माया कापून निम्मी करा. बसता-उठताना सगळा ताण इथेच येतो.

कमरेला आधी १ सेंटिमीटर आत दुमडून इस्त्री, मग ३ सेंटिमीटर दुमडून इस्त्री, आणि खालच्या कडेलगत टीप. मागच्या बाजूला पाच सेंटिमीटर उघडं सोडा. हा झाला नेफा, यात अडीच सेंटिमीटर रुंदीचं इलॅस्टिक मोकळं सरकतं. इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर कमी कापा, सेफ्टी पिनने ओवा, टोकं पिनने जोडून पँट घाला, बसा, वाका. मऊ इलॅस्टिक आणखी आखूड लागतं, कडक थोडं लांब, त्यामुळे अंगावर घालून पाहण्याला पर्याय नाही. ठीक वाटलं की टोकं दोन सेंटिमीटर एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारा आणि उघडी जागा बंद करा. दोन्ही बाजूंच्या शिवणींवर नेफ्यातून एक-एक उभी टीप घातली की इलॅस्टिक आत पिळवटत नाही.

पायाची लांबी पँट घालूनच ठरवा, चप्पल-बूट जे वापरता ते घालून. मग १ आणि ३ सेंटिमीटर दुमडून टीप.

९. अखंड बाहीचा टॉप

बाही वेगळी जोडायला मुंढा (बाही जोडायचं अंगाचं वळण) आणि बाहीचा गोलवा जुळवावा लागतो, ते नंतर शिका. पहिला टॉप बाही अंगाबरोबरच कापलेला घ्या: पुढचा तुकडा, मागचा तुकडा, बस.

इथला मोठा फसवा भाग म्हणजे आवडता टी-शर्ट छापून साध्या विणीच्या कापडावर तो कापणं. टी-शर्टचं कापड ताणलं जातं म्हणून तो लहान मापाचाही बसतो. सुती कापडात तोच खाका छातीला अडकतो आणि डोकं गळ्यातून जात नाही. न ताणल्या जाणाऱ्या कापडाचाच सैल टॉप छापा. छातीच्या मापात १० ते १५ सेंटिमीटर मोकळीक ठेवा. गळ्यासाठी डोक्याचा सर्वांत मोठा घेर मोजा. कागदावर गळ्याच्या वळणावर टेप उभी धरून संपूर्ण गळा मोजा आणि तो डोक्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त करा. मागचा गळा दोन-तीन सेंटिमीटर खोल पुरतो, वाढवायचं असेल तर पुढे वाढवा. शंका असेल तर लहानच कापा, मोठा करणं सोपं असतं.

गळा कापल्याबरोबर, काहीही हलवण्याआधी, कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर एकेरी टीप घाला. गोल कड बऱ्याच ठिकाणी धाग्याला तिरकी असते आणि हाताळताना पसरते. या एका टिपेमुळे गळा लोंबत नाही.

क्रम असा: खांदे शिवा, इस्त्री करा, गळ्याला तिरकी पट्टी लावा, मग बाहीच्या खालून बगलेपर्यंत आणि तिथून तशीच कुशीची शिवण. बगलेच्या वळणावर मायेला टिपेच्या अगदी जवळपर्यंत तीन-चार छोटे काप द्या, टीप मात्र कापू नका. हे काप नसतील तर हात वर केल्यावर बगलेत कापड खेचतं.

गळ्याची पट्टी ४५ अंशांच्या कोनात, ४ सेंटिमीटर रुंद कापा. लांबी गळ्यापेक्षा किंचित कमी ठेवा आणि लावताना अगदी हलकी ताणा. ती सुलट बाजूने लावून, माया बारीक कापून, आत वळवून टीप मारा. न ताणता लावली तर गळा बाहेर उघडा राहतो, जास्त ताणली तर चुण्या पडतात. उरलेल्या कापडाच्या चिंधीवर गळ्यासारखंच गोल वळण कापून एकदा करून बघा, हातात ते प्रमाण येतं.

१०. होजिअरीकडे वळताना

हे दोन कपडे दोन-दोनदा झाले की टी-शर्टच्या कापडाला हात घालायला हरकत नाही. त्याला गोल टोकाची सुई लागते, ७५ किंवा ८० नंबरची. टोकदार सुई विणीतले धागे तोडते आणि धुतल्यावर भोकं वाढतात. सरळ टिपेऐवजी अर्धा ते एक मिलिमीटर रुंदीची झिगझॅग ठेवा, म्हणजे कापड ताणल्यावर दोरा तुटत नाही. कड नागमोडी येत असेल तर फुटाचा दाब कमी करा, किंवा कापडाखाली पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर तो फाडून काढा.

होजिअरीची लव बॉबिनभोवती फार साचते. प्रत्येक कपड्यानंतर प्लग काढून सुईखालची पट्टी उघडा आणि ब्रशने ती बाहेर काढा. तोंडाने फुंकू नका, फुंकरीतली वाफ आत जाते. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या ठिकाणीच, आणि फक्त शिवणयंत्राचं. तेल दिल्यावर आधी एखाद्या चिंधीवर भरपूर टिपा मारा, कारण पहिल्या काही टाक्यांबरोबर तेलाचा डाग कापडावर उतरतो.